कांद्याच्या गाडीची बॅटरी

१४ जानेवारी १९५७, संक्रांत

अर्जुनराव आज सणाच्या दिवशीही दुकानात येऊन बसले. त्यांच्या ट्रकची बॅटरी बसलीय. सकाळी इंजिन उठत नाही, बाजारातले हमाल ढकलतात तेव्हा गाडी चालू होते. त्यांना मोटारीची छोटी बॅटरी घालून भागवायचं होतं.

हे म्हणाले, "डिझेलचं इंजिन हाय, अर्जुनराव. थंडीत ते फिरवायला जोर लागतो. छोटी घाला, पण मग महिन्याभरात पुन्हा माझ्याच दारात याल. जास्त प्लेटांची घ्या. आन मापाची घ्या, पेटीत हलता कामा नये. हलली की आतल्या प्लेटा झडत्यात."

अर्जुनराव कुरकुरले, मग कबूल झाले.

भैरू भाऊजी त्यांच्याच ट्रकवर डायवर. ह्यांचे धाकटे भाऊ. मागं उभे राहून हसत होते. "वयनी, बॅटरी नवी येतीय, आता मला ढकलायला लावू नका म्हणावं." चैत्रात त्यांचं लग्न आहे. निघोज्याची मुलगी. सासूबाईंनी तिच्यासाठी हलव्याचे दागिने पाठवले. किती दिवसांनी घर असं आनंदात आहे.

१९ जानेवारी

पुण्याहून बॅटरी आली. कोरडीच येते. ह्यांनी मागच्या शेडमध्ये अ‍ॅसिड तयार केलं. मला दारातच थांबवलं. पाण्यात अ‍ॅसिड ओतायचं, हळूहळू. उलटं केलं तर उकळून तोंडावर येतं, म्हणाले. गेल्या वर्षी मी मध्ये लुडबुडले तेव्हा नव्या लुगड्याला चाळणीसारखी भोकं पडली होती, तो विषय काढून चिडवत बसले.

तेलाचं इंजिन चालू आहे. बॅटरी चार्जिंगला लावलीय. घरभर तो आंबट वास. मला आता सवय झालीय.

२१ जानेवारी

ह्यांना पुण्याला नेलंय. लिहवत नाही.

२९ जानेवारी

मी आठ दिवस पुण्यात होते. आज कपडे न्यायला घरी आलेय. लिहून काढते, नाहीतर डोक्यात तेच तेच फिरतं.

गाडीत कांदा भरून तयार होता, मुंबईला जायचा. अर्जुनराव घाई करत होते. बॅटरी चार्जिंगवरून काढली, गार होऊ दिली नाही, तशीच गाडीत बसवायला घेतली. मी चुलीशी होते. एकच आवाज झाला. टायर फुटला असं वाटलं. मग भैरू ओरडला, "पाणी! पाणी आणा!"

मी धावत गेले तर हे जमिनीवर. दोन्ही हात डोळ्यांवर. बॅटरीचं झाकण उडून लांब पडलेलं. भैरूनं आमचा प्यायच्या पाण्याचा हंडा उचलून आणला आणि ह्यांच्या तोंडावर ओतत राहिला. "डोळं मिटू नगंस दादा. उघडं ठेव." दुसरा हंडा. तिसरा. माणसं गोळा झाली. कुणीतरी विचारलं, काय झालं? भैरू म्हणाला, "माझी इडी. मी वाकून बघत व्हतो, तोंडात इडी तशीच व्हती."

शेडच्या भिंतीवर ह्यांनी खडूनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय — विडी ओढू नये. चार्जिंग झालं की बॅटरीतून वायू निघतो, ठिणगी लागली की फुटते. चाकणमधल्या पोराटोरांना ठाऊक आहे. आणि ह्याला ठाऊक नव्हतं?

आज सकाळी दवाखान्यातून निघताना ह्यांना विचारलं, "भैरूच्या तोंडात विडी होती?" पट्ट्या बांधलेलं तोंड भिंतीकडे फिरवलं. भावाला पाठीशी घालतात.

१६ फेब्रुवारी

पट्ट्या सोडल्या. उजवा डोळा गेला. डाव्याला उजेड आणि अंधार एवढंच कळेल. डॉक्टर म्हणाले, "लगेच इतकं पाणी मारलं म्हणून एवढं तरी राहिलं. कुणी मारलं?"

मी नाव घेतलं नाही.

ह्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. कपाळ, नाक, हनुवटी. मग म्हणाले, "वाळलीस." मी बाहेर जाऊन रडून आले.

९ मार्च

निघोज्याचे लोक आले होते, मुलीचे वडील आणि चुलते. सासूबाई आत चहा करत होत्या. वडिलांनी मलाच विचारलं, "गावात बोलत्यात ते खरं हाय का?" मी म्हणाले, हो. त्यानं स्वतःच सांगितलंय.

त्यांनी चहा घेतला नाही. सोयरीक मोडली.

सासूबाई दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मी तरी काय खोटं सांगायचं होतं?

भैरू संध्याकाळी आला, त्याला कुणीतरी बाजारातच सांगितलं होतं. ओट्यावर टेकला. म्हणाला, "बरं झालं. त्या पोरीला तरी कशाला."

१० एप्रिल

भैरूनं ट्रक सोडला. दुकानात राबतो. बॅटऱ्या उचलणं, इंजिन चालवणं, पुण्याहून डिस्टिल पाणी आणणं. मी त्याच्याशी बोलत नाही. ताट सासूबाई नेऊन देतात.

२ जून

आजपासून मीच काम शिकायला घेतलंय. सासूबाई म्हणाल्या, "बाईमाणसानं गाडीखाली शिरायचं व्हय, कुसुम? लोक काय म्हनतील?" म्हणू देत. लोकांनी आणून दिलेल्या भाकरीवर किती दिवस काढायचे?

हे बाजेवर बसून सांगतात, मी करते. आधी बुचं मोकळी आहेत का बघ, आतला वायू निघून जायला हवा. काचेच्या नळीनं अ‍ॅसिड ओढ, आतला गोळा कुठं तरंगतो ते सांग, त्यावरून चार्ज किती झालाय ते कळतं. टोकांवरची पांढरी बुरशी सोड्याच्या पाण्यानं धू. मग व्हॅसलीन लाव. बोलताना त्यांचे हात हवेत फिरत असतात, जणू बॅटरी समोरच आहे. एकदा हात चुकून भिंतीला लागला. मग हात मांडीखाली दाबून बसले आणि तसेच बोलत राहिले.

२३ जुलै

गिऱ्हाईक तुटलं नाही, हे देवाचे उपकार. अर्जुनराव आज म्हणाले, "वैनी, खरं सांगतो. तुमच्या ज्योतीरामच्या हातून झालं असतं, तर मी गाडी इथं आणली नसती. बॅटरीवाल्याचाच हात चुकला तर भरवसा कुणावर ठेवायचा? पण त्याचा काय दोष, त्या विडीनं घात केला."

भैरू तिथंच होता, बॅटरीची पेटी पुसत. मान वर केली नाही.

हे उठले आणि भिंत चाचपत आत गेले. जेवले नाहीत. विचारलं तर म्हणाले, पोट जड आहे.

८ सप्टेंबर

आज माझ्या तोंडाला आवर राहिला नाही.

हे अंगणात जायला निघाले आणि उंबऱ्याला अडखळून पडले. कपाळ फुटलं. भैरू धावला, ह्यांना लहान मुलासारखं उचलून बाजेवर ठेवलं, हळद आणली. ते बघून माझ्या अंगाचा भडका उडाला. मी म्हणाले, "आता कशाला उचलताय? तुमच्यामुळंच पडतायत ते. रोज ह्यांना धडपडताना बघायचं आणि रोज तुम्हालाही बघायचं, मला नाही जमत."

हे कसनुसं म्हणाले, "अगं, गप." एवढंच.

भैरूनं घोंगडी घेतली. सासूबाईंच्या पाया पडला. ह्यांच्या पायांना हात लावला तेव्हा ह्यांनी त्याचं मनगट धरलं. त्यानं हळूच सोडवून घेतलं. माझ्याकडे बघून म्हणाला, "येतो वयनी. जड बॅटरी एकट्यानं उचलू नका."

सासूबाई रात्रीच्या जेवणाला उठल्या नाहीत.

५ ऑक्टोबर

कळलं की भैरू चिंचवड स्टेशनच्या मालधक्क्यावर हमाली करतो. सासूबाईंनी भाजणीची थालीपिठं बांधून कुणाबरोबर तरी पाठवली.

घर शांत आहे. मला वाटलं होतं, तो गेल्यावर बरं वाटेल.

१८ नोव्हेंबर

थंडी पडली. पुन्हा गाड्या उठेनाशा झाल्यात, कामाला उसंत नाही.

आज मी एका ट्रकला नवी बॅटरी बसवत होते. घाई झाली. दोन तारांपैकी जी गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जाते, ती शेवटी जोडायची असं ह्यांनी शिकवलंय. मी तीच आधी जोडली. मग दुसरी आवळताना पान्याचं टोक सांगाड्याला टेकलं. चट्ट! निळी ठिणगी. पान्याला खाच पडली. बॅटरी कालपासून गार होऊन, बुचं मोकळी करून ठेवली होती, म्हणून निभावलं.

हे ओट्यावर होते. आवाज ऐकला आणि उभे राहिले. तोंड पांढरंफटक. "सांगाड्याची तार आधी जोडलीस?" हो म्हटलं. खाली बसले. मी जवळ जाऊन पाठीवर हात ठेवला, तर म्हणाले, "त्याच्यापाशी इडी नव्हती."

मला वाटलं, घाबरून काहीतरी बोलतायत. पुढं काही विचारू दिलं नाही.

१९ नोव्हेंबर

सकाळी ह्यांनी सगळं सांगितलं. तार त्यांनीच चुकवली होती. पाना त्यांचाच टेकला. भैरू तर गाडीच्या पलीकडे दोर बांधत होता. पुण्याला नेताना गाडीत ह्यांच्या कानाशी वाकून म्हणाला, "दादा, तू गप ऱ्हा. तुझा हात चुकला म्हणलं तर दुकान बसंल. मग वयनी खाईल काय? माझं काय, मी डायवर माणूस."

आणि हे गप्प राहिले. मी बोलत राहिले.

दुकान आज उघडलं नाही. सासूबाई विचारतायत, एवढ्या सकाळी लुगडं बदलून कुठं निघालीस. सांगितलं, चिंचवडला. भाऊजींना आणायला.