दलदल उपसण्याआधी

१७ मार्च, रविवार

चि. टिटवीस,

गुरुवारी, १४ मार्चला, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तू मला सात माणसांसमोर 'मॅडम' म्हणालीस. बोलायला लागल्यापासून तू मला 'मावशी' आणि 'तू' म्हणत आलीस; तापात, भांडणात, अगदी तुझ्या लग्नाला मी नाक मुरडलं तेव्हासुद्धा. संगणकाच्या पडद्यावर माझा चौकोन तुझ्या चौकोनाच्या खालीच होता. तिथून वर बघत मी ते ऐकलं.

आशीर्वाद आहेतच, ते रागावर अवलंबून नसतात. माझी तब्येत बरी. गुडघे आपापल्या मर्जीने चालतात, मी त्यांच्या मागून. खालच्या मजल्यावरची शिंपीण तुझी चौकशी करत होती. "भाची मोठी साहेब झाली म्हणे," म्हणाली. मी म्हटलं, "झाली, आणि मावशीवर पहिला हुकूम बजावला."

कॉन्व्हेंटमध्ये मदर सुपिरियर सांगायच्या, तक्रार लिहायची तर आधी वस्तुस्थिती लिहा, मग भावना, आणि भावनांची वेळ येईपर्यंत कागद संपवा. तर वस्तुस्थिती.

मी जन्मभर एकच काम केलं. पाणथळ जागी जायचं, दोरीची चौकट टाकायची, आत उगवलेलं प्रत्येक रोप ओळखायचं आणि कुणी किती जागा धरली आहे ते लिहायचं. सारख्या चौकटी जुळल्या की तो एक वनस्पती-समूह. या खंडाच्या एका टोकाच्या खाऱ्या खाजणापासून दुसऱ्या टोकाच्या डोंगरी पाझरापर्यंत माणसं हेच करत होती, आणि प्रत्येक देश आपापली नावं ठेवत होता. एकाच डबक्याला चार नावं, आणि त्या नावांपायी जेवायला वेगळ्या टेबलांवर बसणारे दाढीवाले मी पाहिले आहेत. आता सगळ्या चौकटी संगणकात गेल्या, साऱ्या खंडाची एक यादी झाली, आणि तू ती सांभाळणाऱ्या मंडळाची सचिव. तुला ती खुर्ची मिळाली तेव्हा मी जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगत होते. दूधवाला अजून मला टाळतो.

त्या यादीत एक समूह माझा होता. आपल्या वस्तीमागच्या दलदलीतला. बुटका लव्हाळा, मॉस, किडे खाणारा दवबिंदू आणि मध्ये उघडं तपकिरी पाणी. खंडात दुसरीकडे कुठेही नाही, म्हणून इतकी वर्षं नगरपालिकेला तिथे टोपलीभर माती टाकता आली नाही. गुरुवारी तू तो समूह यादीतून काढलास आणि दलदल 'साधं बोरूचं बेट' या खात्यात टाकलीस. साध्या बोरूला, कुठेही माजणाऱ्या त्या उंच गवताला, संरक्षण नसतं. आता तिथे भराव पडून ट्रकतळ होणार, हे तुला माहीत होतं.

तू काय बोललीस ते मला शब्दशः आठवतं.

"या समूहाच्या सगळ्या चौकटी एकाच दलदलीतल्या आहेत," तू म्हणालीस. "आणि तिथला बोरू कुणीतरी नियमित उपटतं. पाण्याखाली तोडलेले खुंट दिसतात. आपोआप उगवतं ते आपण नोंदवतो. ही बाग आहे."

तुमचे अध्यक्ष, ज्यांच्या तोंडात कायम काहीतरी असतं, ते विचारतात, "कोण उपटतं?"

"ते इथे विचारायची गरज नाही. मॅडमना काही म्हणायचं असेल तर म्हणू द्या."

मॅडम मिनिटभर तावातावाने बोलल्या. माईक बंद होता. सात माणसं माझे हलणारे ओठ बघत राहिली. अध्यक्ष म्हणाले, "मौन म्हणजे संमती समजू या का?" आणि एकजण हसला. मी संगणकाचं झाकण बंद केलं.

हो, मीच उपटते. हे तुला ठाऊक होतं, तरी माझं नाव घेतलं नाहीस. त्याचे आभार मानावेत अशी तुझी अपेक्षा असेल तर ती ठेवू नकोस. दरवर्षी, पाणी उतरलं की मी कंबरेएवढे बूट चढवून जाते आणि बोरूचे कोंब बुडापासून काढते. पहिल्या वर्षी स्वतःला सांगितलं की दवबिंदूला ऊन लागतं. ते खरंही आहे. पुढे सांगायचं सोडलं. ज्या बाईने परक्या देशांतल्या पोरांना 'झाडाला हात लावाल तर चौकट रद्द' म्हणून दम दिला, तीच स्वतःच्या चौकटीत खुरपणी करत होती. तुझी यादी बरोबर आहे. हे मी एकदाच लिहीन, पुन्हा विचारू नकोस.

बोरू का उपटला, ते मात्र तू त्या सात माणसांना सांगितलं नाहीस. मलाही रात्री फोनवर एवढंच म्हणालीस, "मावशी, ती जागा आता सोड."

"कुठली जागा?"

"मुद्दाम करू नकोस."

मग तू रडायला लागलीस आणि मी जेवलीस का ते विचारलं. आपल्या दोघींत हे असंच चालत आलं आहे.

बोरू वाढला की पाणी झाकलं जातं. तीन-चार वर्षांत काठावरून पाणी दिसत नाही, नुसती सळसळ ऐकू येते. मला ते पाणी दिसायला हवं होतं.

तुझी आई रविवारी माझ्याबरोबर यायची. वनस्पतींतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. चौकटीची दोरी धरायची आणि माझ्या टोपीची टिंगल करायची. दवबिंदूला 'तुझी सासू' म्हणायची, कारण गोड दिसतो आणि गिळतो. मला सासू नव्हती तरी. त्या एका रविवारी ती एकटी गेली. तू नऊ वर्षांची होतीस, माझ्याकडे गणितं करत बसली होतीस. मी तुला सांगितलं, पाय घसरला. सगळ्यांना तेच सांगितलं, आणि तू मोठी झाल्यावरही बदललं नाही. पण पाण्याकाठच्या फळीवर बूट जोडीने काढून ठेवलेले होते, आत मोजे घडी करून. बूट काढून ठेवणाऱ्या माणसाचा पाय घसरत नाही, एवढं मला तेव्हाही कळत होतं. तुला कधी कळलं ते तू बोलली नाहीस. त्यानंतर तू मोजे कधी घडी करून ठेवले नाहीस, नुसते कोंबायचीस. मी त्यावरून एकदाही ओरडले नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

तेव्हा पोलिसांनी काठ्या टोचल्या, गळ टाकले. तळ लागला नाही, ती सापडली नाही. आठवड्याने माणसं आपापल्या कामाला गेली.

आता जे लिहायचं आहे ते.

शुक्रवारी नगरपालिकेचे इंजिनियर घरी आले. तरुण आहेत, खुर्चीच्या कडेवर बसतात. मी त्यांना सोलून काढायच्या तयारीत होते, पण त्यांनी जुनी पोलिसांची फाइल वाचली होती. म्हणाले, "बाई, भरावाच्या आधी पंप लावून सगळं पाणी काढणार आहोत. २ एप्रिलला सुरू. मध्ये आठवडाभर तळ उघडा राहील. घरच्यांचा लेखी अर्ज असेल, तर मी शोधपथक उतरवतो. अर्ज नसेल, तर मातीचे ट्रक थेट आत."

मी म्हटलं, "आत्ता लिहून देते. पेन आहे?"

ते म्हणाले, "बहिणीचा चालत नाही. मुलगी हयात आहे ना?"

आहे, म्हटलं. सचिव आहे.

म्हणजे आता तुझ्या हातात आहे. यादी परत बदल असं मी म्हणत नाही. ट्रकतळ होऊ दे. मी त्या दिवशी खिडकी लावून घेईन आणि ट्रकांनाही शिव्या घालीन, ते आलंच.

पण अर्ज करण्याआधी एक गोष्ट तुला माहीत असायला हवी. तिथे तळाला अर्धवट कुजलेल्या झाडोऱ्याची काळी माती आहे, आणि त्या पाण्यात काही पुरतं कुजत नाही. हा प्रश्न तुला परीक्षेत होता, पैकीच्या पैकी मिळाले होते. त्या मातीतून मी हजारो वर्षांपूर्वीची पानं देठासकट काढली आहेत. ती सापडली, तर बहुधा ओळखू येईल. केस, चेहरा, निळा स्वेटर. ती बत्तीस वर्षांची असेल आणि तू त्रेचाळीसची आहेस. तुझ्यापेक्षा लहान बाई तुझी आई म्हणून फळीवर ठेवतील, आणि कागदावर सही करायला तुला बोलावतील. मी शेजारी उभी असेन, पण सही माझी चालणार नाही.

हे तुला नको असेल तर मी ते समजू शकते. भराव टाकून सगळं एकदाचं झाकावं असं तुला वाटलं असेल, आणि म्हणून तुला खुंट इतके स्पष्ट दिसले असतील. तसं असेल तर तसं लिही. मी भांडणार नाही. पण तिच्यावर माती पडायची, तर ती कुणीतरी शुद्धीत राहून 'हो' म्हटल्यावर पडावी. कुणी काही बोललंच नाही म्हणून पडू नये. गुरुवारी तसा एक निर्णय झाला, तेवढा पुरे.

इंजिनियरांचं कार्यालय शनिवारी, ३० मार्चला, दुपारी एक वाजता बंद होतं. त्याआधी तुझ्या हातचं, तुझ्या सहीचं उत्तर मला हवं आहे. हो किंवा नाही, एका ओळीत. फोन करू नकोस.

मायना 'मॅडम' घातलास तर पाकीट न फोडता परत करीन.

तिची थोरली बहीण