मोज्यांचा दुसरा जोड

आण्णा,
दादाला ठेसनावर सोडायला तुमी आला होता, म्हणून मला सोडायचं टाळून मळ्यात गेला, ते कळलं. सकाळच्या यष्टीनं निघतोय. चिठ्ठी तुमच्या चष्म्याच्या डबीत लपवलीय, कारण राहीवैनीला वाचता येतं, तिच्या हाती पडाया नको.

यंदा पलटणीला तीच बर्फाची खिंड चालत पार करायची हाय. महिनाभर पाठीवर वाळूचं पोतं बांधून जरंडेश्वर चढलो, दम पुरंल. पर चढताना रोज मागनं दादाच्या बुटांचा आवाज यायचा.

वैनीनं दादाला विणलं तसंच मलाबी लोकरीच्या मोज्यांचं दोन जोड विणल्यात. एक नेतोय. दुसरा तुमच्या ट्रंकेत तळाला लपवलाय.

बासष्टला खिंडीत दादाचं बूट मीच कापून काढलं. थंडी लय, म्हणून त्यानं दोन्ही जोड एकावर एक घातलं होतं. बूट आवळलं, रक्त थांबलं, पाय काळं पडलं. चालता येईना, तिथंच गेला. हे मी घरात कुणाला बोललो न्हाई.

वैनी अजून म्हणती, शेवटाला त्यांचं पाय तरी उबंत होतं. तसंच म्हणू द्या तिला. इचारलं तर सांगा, नाथाजी दोन्ही जोड घालून गेला.

नाथाजी