सासरा सापडत नाही

मूल, जिल्हा चंद्रपूर
माघ, सन २००३

सन्माननीय व्याही श्रीहरीभाऊ पचारे यांना, शेंडे ऑफसेटवाल्या गोविंदा शेंडेचा दारात उभं राहून रामराम. (चरणी म्हणालो नाही, कारण वयानं मी मोठा. आत येऊन म्हणालो नाही, कारण सध्या तुमच्या घरात माझ्यापुढं पाण्याचा तांब्या कोण ठेवील याचा भरवसा नाही.) विहीणबाईंचा गुडघा कसा आहे? दिलेलं तेल लावतात की शिशी नुसती खिडकीत ठेवतात? धानाच्या बांधीतलं लाखोळीचं पीक यंदा उंदरांनी तुमच्यासाठी किती ठेवलं? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, वाचताना त्या शब्दावर फार भार टाकू नका. फोनच केला असता, पण तुमच्या गावचा फोन सरपंचाच्या ओसरीत आणि सरपंच फोनला चिकटून. आपलं बोलणं आधी ऐकून मग तेच आपल्याला समजावून सांगणारा माणूस मला सोसत नाही. तुमचा चष्मा फुटल्याचं आमच्या देवानंदकडून कळलं. म्हणजे हे पत्र तुम्ही कोणाकडून तरी वाचून घेणार. विनंती एवढीच की रिनाकडून घेऊ नका. तुमचा पोस्टमन चांगला वाचतो, आणि त्याला गणितातलं काही कळत नाही.

तर विषय हा की तुमची मुलगी, आमची सून रिना, पिशवी भरून तुमच्याकडे आली आहे आणि ‘जरा आराम कराले आली’ असं तिनं तुम्हाला सांगितलं असणार. ती चुगली करणारी नाही, हे मीही मान्य करतो. पण मग खरी हकीकत तुमच्या कानावर घालणार कोण? देवानंदला विचाराल तर तो म्हणेल ‘मी मशीनवर होतो’. लग्न झाल्यापासून ते पोरगं घरात काही घडलं की मशीनवर असतं. म्हणून मीच सांगतो. आणि आधीच सांगून ठेवतो की यात माझी चूक नाही. पत्राच्या शेवटापर्यंत ती होईल अशी आशाही धरू नका.

तुम्हाला माहीत आहे की मी चिमूरच्या छापखान्यात खिळे जुळवता जुळवता वाचायला शिकलो. बाप तळ्यात जाळं टाकायचा, मी शिशाच्या खणांत बोटं घातली. तिथून पायानं चालवायचं ट्रेडल, ट्रेडलवरून ऑफसेट, आणि आता मागच्या खोलीत संगणक, त्याच्यावर माझ्या बायकोनं, भागीरथानं, शिवलेलं फुलाफुलांचं झाकण. आमच्या धंद्यात एकच धर्म आहे, नाव. मजकूर चुकला तर लोक हसून सोडतात, नाव चुकलं तर सोडत नाहीत. वडशाच्या एका नाटक मंडळीच्या पोस्टरावर खलनायकाचं नाव नायकाच्या वर गेलं तेव्हा नायक मेकअप करून बसून राहिला आणि खलनायकाला दोन अंक एकट्यानं भांडावं लागलं. एका लग्नपत्रिकेत धाकट्या काकाचं नाव गळालं, तर वरात निघायच्या वेळी तो आपली बैलजोडी सोडून घेऊन गेला. म्हणून माझी सवय अशी की प्रुफ कोणतंही असो, आधी नावं वाचायची. मजकूर ज्याचा त्यानं वाचावा.

आता त्यात आलं रामटेके सरांचं पुस्तक. भूपेश रामटेके सर म्हणजे रिनाला बी.एस्सी.ला गणित शिकवणारे, चंद्रपूरचे. या महिनाअखेर ते निवृत्त होतात. आयुष्यभर फळ्यावर लिहिलं आणि पुसलं, एक तरी गोष्ट न पुसता यावी म्हणून त्यांनी इंग्रजीत गणिताचं पुस्तक लिहिलं. निरोपाच्या दिवशी ते पोरांच्या हातात द्यायचं असा त्यांचा बेत. नागपूरच्या छापखान्यांनी समीकरणं पाहून हात जोडले. रिना म्हणाली, ‘मामाजी, मी करतो हे काम, तुम्ही फक्त हो म्हणा.’ मी हो म्हणालो. (माझी चूक नाही म्हणालो ते यानंतरचं. हे हो म्हणणं वेगळं धरा.)

पुस्तकात समीकरणं म्हणजे कशी, तर तळ्यात पोहणाऱ्या बदकांसारखी, एकामागून एक, आणि प्रत्येकाच्या उजव्या अंगाला कंसात नंबर. मग पुढं कुठं तरी लिहिलेलं असतं की ‘समीकरण अमुक पाहा’. सर रोज चंद्रपूरहून येणार आणि मध्येच एक नवं बदक सोडणार. की मागच्या सगळ्यांचे नंबर सरकले, आणि ‘अमुक पाहा’ म्हटलेलं प्रत्येक बोट भलतीकडे. खिळ्यांच्या काळात असं झालं असतं तर मी सरांना तळ्याची वाट दाखवली असती. पण रिनाकडे संगणकात एक सोय आहे. नंबर द्यायचाच नाही. समीकरणाला नाव द्यायचं, आणि जिथं त्याची आठवण काढायची तिथं ते नाव लिहायचं. नंबर यंत्र आपल्या हातानं टाकतं, मध्ये कितीही घुसडा. फक्त दोनदा चालवावं लागतं. पहिल्या खेपेला ते कोण कुठं बसलं एवढं बघून येतं, दुसऱ्या खेपेला सांगतं. (आपल्या समाजाच्या बैठकीसारखं.)

मी म्हणालो, पोरी, ही अक्कल कोणाची? तर म्हणाली, ‘आमच्या बाबांची. आमच्या बांध्यायले कोणी नंबरानं हाक मारते का?’ आणि मला आठवलं, सोयरिकीच्या वेळी तुम्ही धान दाखवायला नेलंत तेव्हा तलाठ्याचा एकही नंबर तुम्हाला सांगता येईना, पण मोहाची बांधी, म्हातारीची बांधी, भांडणाची बांधी अशी सगळ्यांची शेताच्या धुऱ्यावरून ओळख करून दिलीत, जशा काही सुनाच. भांडणाच्या बांधीत कोणाचं भांडण झालं होतं ते तुम्हालाही ठाऊक नव्हतं. तेव्हा श्रीहरीभाऊ, ही नावं ठेवायची खोड मूळची तुमच्या घरची. पुढचं वाचून घेताना हे ध्यानात असू द्या.

कच्च्या प्रुफात ही नावं समासात छापून येतात, पक्क्यात येत नाहीत. मी सवयीप्रमाणे प्रुफ घेतलं आणि नावं वाचू लागलो. रोमन अक्षरं, पण नावं आपली. एक ‘मोहाची’, ती मोठी आणि पसरलेली. एक ‘नंदी’, जो कुठल्याही प्रश्नाला मान हलवतो. एक ‘सरपंच’, ज्यात नुसते कंस. मी हसत होतो. आणि दुसऱ्या प्रकरणात, पानाच्या मधोमध, लांब शेपटीच्या एका समीकरणाशेजारी लिहिलेलं, ‘सासरा’.

मी देवानंदला हाक मारली (तो मशीनवर होता). म्हणालो, याच्याखाली इंग्रजीत काय लिहिलं आहे ते सांग. त्यानं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मशीनकडे बघत म्हणाला, ‘बाबा, याची नेमकी उकल काढताच येत नाई म्हणते.’

तुम्ही माझे कान जाणता. मशीन कोणत्या कागदावर अडणार ते मी दुकानाबाहेर उभा राहून सांगतो, मग माझ्या सुनेचं बोलणं आमच्या प्लायवूडच्या भिंतीला काय अडणार? त्याच्या आदल्या दिवशी ऐकलेलं आता उलगडलं. ती विचारत होती, ‘सर, सासरा कुठी ठेवू?’ आणि सर म्हणत होते, ‘दुसऱ्याच प्रकरणात राहू दे ना, तिथूनच तर सारा ताप सुरू होते.’ दोघंही हसले होते. मला वाटलं होतं, माझ्या खुर्चीच्या जागेबद्दल बोलतात.

आता सांगा, ज्या माणसानं दुसऱ्यांची नावं जपण्यात केस पांढरे केले, त्यानं आपलं नाव बिनउकलीच्या शेपटीला बांधलेलं चालवून घ्यायचं? रिना बाजारात गेली होती. मी फुलाफुलांचं झाकण काढलं. लग्नपत्रिका मी स्वतः टाईप करतो, मला खोडता येतं आणि लिहिता येतं. ‘सासरा’ खोडला आणि त्या जागी ‘बाप’ लिहिलं. हो, म्हणजे तुम्ही. सासऱ्याची उकल निघत नाही हे गणितात बसतं तर बापाचीही निघू नये, एवढाच माझा मुद्दा होता. आजही आहे.

तेवढ्यात सर आले, पक्की प्रत घ्यायला. मी म्हणालो बसा, मीच काढतो. चालवलं. कागद बाहेर आले आणि सर पानं उलटू लागले. ‘समीकरण प्रश्नचिन्ह प्रश्नचिन्ह पाहा.’ पुढच्या पानावर तेच. मी म्हणालो, सर, दोनदा चालवावं लागते. दोनदा चालवलं, तिसऱ्यांदा चालवलं, माझ्या इरेनं आणखीही चालवलं. पडद्यावर ओळींमागून ओळी सरकत होत्या आणि सर त्या मोठ्यानं वाचत होते, कारण वर्गात वाचायची सवय: ‘चौदाव्या पानावर सासरा सापडत नाही. सोळाव्या पानावर सासरा सापडत नाही.’ बाहेर पत्रिका घ्यायला आलेले दोन खेडूत उभे होते. त्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, ‘चाल गा, दुसऱ्या छापखान्यात जाऊ, याच्या इथी कोनतरी हरवलं आहे.’

मग रिना आली. भाजीची पिशवी खाली न ठेवताच तिनं पडदा वाचला. आवाज चढवला नाही, तेच वाईट. म्हणाली, ‘मामाजी, नाव बदलवता येते. पण जे त्याले हाका मारून राह्यले, त्यायले सांगावं लागते ना.’ म्हणजे मी नाव बदललं होतं फक्त घरावरच्या पाटीचं. पुस्तकभर जिथं जिथं ‘सासरा’ म्हणून हाक होती ती तशीच होती, आणि ओ द्यायला कोणी नव्हतं. इथवर ती हसण्याच्या बेतात होती, हे मी शपथेवर सांगतो. मग तिनं पडद्यावरच्या मजकुरात वर जाऊन पाहिलं, सासऱ्याच्या जागी कोण बसवलं आहे ते. संगणक बंद केला, झाकण घातलं, झाकणाची चुणी सरळ केली, आणि संध्याकाळच्या गाडीनं तुमच्याकडे.

सर मात्र गेले नाहीत. ते म्हणाले, ‘शेंडेभाऊ, महिनाअखेर आहे हो.’ एवढंच. त्यांच्या हातात ते प्रश्नचिन्हांचं बाड होतं, आणि तो माणूस त्याच्यावरून हात फिरवत होता. त्याचं मला वाईट वाटलं, ते मी लपवत नाही. पण ते सरांबद्दल. सुनेची माफी मागायचा प्रश्न येत नाही. छापखाना माझा, संगणक माझा, नाव माझं, आणि ते कुठं छापायचं हे मीच ठरवणार. तुम्ही चार पंच आणलेत तरी मी हेच सांगेन, वर त्यांना चहाही पाजेन. रिनाला यायचं असेल तर दार उघडं आहे. नसेल तरी उघडंच आहे, कारण त्याची कडी तुटली आहे.

सर्व लहानथोरांस यथायोग्य. लाखोळीची भाजी वाळवली असेल तर देवानंदच्या हाती पाठवा.

आपला, आणि यापुढंही आपलाच, पण न वाकणारा,
गोविंदा शेंडे

ता. क. एक गोष्ट राहिली. तुमचं नाव मी काढलं. भीतीनं नव्हे. ‘सासरा’ पुन्हा होता तिथं लिहिला आणि दोनदा चालवलं, तर नंबर जागच्या जागी आले. सरांना विचारलं की एका बिनउकलीच्या समीकरणाला इतक्या ठिकाणी हाका का? तर म्हणाले, ‘सारं पुस्तक त्याच्यासाठीच आहे भाऊ. नेमका तो हाती लागत नाई. म्हणून दर प्रकरणात एक नवी तऱ्हा, दरवेळी थोडं आणखी जवळ जायचं.’ मी म्हणालो, आणि शेवटी? म्हणाले, ‘शेवटी इतकं जवळ जाता येते का काम भागते.’ हे रिनाला सांगू नका.

ता. क. दुसरा. सासरा सापडला, पण शेवटच्या प्रकरणात एक जोडी प्रश्नचिन्हं अजून शिल्लक आहे. पडद्यावर येतं, ‘सासू सापडत नाही.’ रिनानं हाक लिहून ठेवली आहे, पण ते समीकरण कुठंच लिहिलेलं नाही. ते काय आहे हे सरांनाही माहीत नाही, ते म्हणतात रिनानं सुचवलं होतं, मग राहून गेलं. माझं नशीब असं की देवानंदनं हे नेमकं भागीरथासमोर वाचलं. तेव्हापासून ती मला जेवण वाढते पण माझ्याकडे बघत नाही. ‘तुमचं पुस्तकभर, अन् माझं काऊन नाई?’ याचं उत्तर कोणत्याच प्रकरणात नाही.

ता. क. तिसरा. पोस्टमन हे वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. रिना, तूच वाचून राह्यली. शनिवारच्या सकाळच्या गाडीनं ये, मी स्टँडवर उभा राहतो. सरांचं पुस्तक अडलं आहे, अन् घरातही बरंच काही. तुझ्या सासूचं समीकरण लहान ठेव, उकल निघन असं ठेव. अन् नाईच निघत असलं, तर माझ्या बाजूले ठेव.