पहिल्या पंगतीचा घास

आबा, आज सकाळी गावाचे नळ बंद केले. मी कधी सरपंच होईन असं तुम्हालाच काय, मलाही वाटलं नव्हतं. तुम्ही गेलात आणि माझी शाळा नववीतच सुटली, तरी लोकांनी तुमच्या पुण्याईकडे पाहून मला निवडून दिलं. आता तेच लोक माझ्या नावानं बोटं मोडताहेत. गटारीजवळचा पाइप फुटला, घाण पाणी नळाला आलं आणि खालच्या आळीत घरोघर उलट्या-जुलाब सुरू झाले. लेकरांना रात्रीच डोणगावच्या दवाखान्यात न्यावं लागलं. ती आता बरी आहेत. पण पाइप गळतोय हे मला आठवडाभर आधीच माहीत होतं. मी दुरुस्तीचा अर्ज लिहीत होतो. खाडाखोड झाली म्हणून एक फाडला, दुसरा लिहिला, एकेक शब्द तपासला. अर्ज नेटका झाला, पाइप मात्र गळतच राहिला.

उपसरपंच काका म्हणाले, "दोन दिवस बुलढाण्याले जाऊन राह्य. फोन बंद ठेव. लोकं इसरतात." माझ्या मित्राची त्याहून मोठी हुशारी. "तू नळापाशी उभा राहून ग्लासभर पाणी पी, मी व्हिडिओ काढतो. ग्लासात फिल्टरचं टाकू बे, कोणाले समजते?" त्यानं ग्लास भरूनही आणला. मी तो हातात घेतला, आणि तुमचा भंडारा आठवला.

त्या वर्षी गर्दी फार येणार म्हणून वांग्याची भाजी आदल्या संध्याकाळीच शिजवून झाकून ठेवायला तुम्हीच सांगितलं होतं. उन्हाळ्याचे दिवस, भाजी उतरली, आणि जेवून गेलेलं अर्धं गाव आजारी पडलं. कमिटीतले म्हणाले, आचाऱ्यावर ढकलून द्या. तुम्ही मारुतीच्या पारावर उभे राहून सगळ्यांदेखत म्हणालात, "त्याच्यावर काऊन ढकलू? त्यानं म्या सांगतलं तेच केलं. चूक माही हाय." मग ताकाची बरणी घेऊन दारोदार फिरलात. मी तुमच्यासोबत होतो. वेशीजवळच्या म्हातारीनं खाटेवरूनच विचारलं, "आता काय हगवण मोजाले आला का रे?" तुम्ही म्हणालात, "हो मावशी, आन् शिव्या खाले बी." तिनं शिव्या द्यायला कमी केलं नाही. तुम्ही उंबऱ्यावर बसून सगळं ऐकलंत, आणि निघताना तिचा माठ भरून दिलात.

पुढच्या वर्षीच्या भंडाऱ्याला माणसं आली, पण पानावर कोणी बसेना. लोक मांडवाच्या कडेला उभे, पुऱ्या थंड होताहेत. तुमची रीत शेवटच्या पंगतीला बसायची, सगळं गाव जेवल्यावर, कढईत उरेल ते खायची. त्या दिवशी तुम्ही टोपी काढून ठेवता, आईला आणि मला हाक मारता आणि रिकाम्या पंगतीत पहिल्या पानावर बसता. सगळं गाव बघतंय. तुम्ही वांग्याची भाजी वाढून घेता, हळूहळू जेवता, पुन्हा मागता. तेवढ्यात तीच म्हातारी काठी टेकत येते. "सरक बे तिकडं. मलेही वाढा." मग मात्र वाढप्यांना पळावं लागलं.

गाव अजून त्या घासाची गोष्ट सांगतं. मीही इतकी वर्षं तेवढीच धरून बसलो होतो. ग्लास हातात असताना उमगलं, की तो घास तुम्ही वर्षभरानंतर खाल्लात. आधी शिव्या खाल्ल्या होत्या.

मी ग्लास खाली ठेवला. पारावरच्या भोंग्यावरून सांगितलं, पाइप गळून राह्यला हे मले माहीत होतं, उशीर माह्याच हातून झाला. त्यानंतर खालच्या आळीत गेलो. एका घरानं दार लावून घेतलं. दुसऱ्या घरातली बाई इतकं बोलली, की मला उंबऱ्यावर बसावंच लागलं. संध्याकाळी पुन्हा जाणार आहे. बंद दारापाशीही.

पाइप बदलून पाणी तपासून आलं, की पहिला ग्लास चौकात मी पिणार, नळाचाच. माझी मुलगी शेजारी उभी असेल, म्हणून आजवर न सांगितलेली एक गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटली. हा कागद कुठे पाठवायचा नाही, घडी करून खिशात ठेवेन. त्या पंगतीत मी शहाण्यासारखा जेवलो, असं तुम्ही आईला कौतुकानं सांगत होतात. आबा, पहिला घास मी तोंडात तसाच धरून ठेवला होता. तुम्ही गिळलात, तेव्हा मी गिळला.