दाणा भरताना

१२ एप्रिल २००३
केंदूर. अनसाबाईंची विहीर आटली! तळाला नुसता चिखल. त्यांच्या रानातला आमच्या स्टार्च कारखान्याचा चाचणीचा मका ऐन दाणा भरण्यात. तेच हायब्रीड, त्याच पिशवीतलं बी राहू गावी मारुतरावांकडेही पेरलंय — तिथे नदीचं पाणी, रान हिरवंगार. इथे सकाळीच पानांच्या सुरळ्या. टँकर मागवू का, म्हटलं. अनसाबाई चिडल्या — "मान्सांला टँकर न्हाई आन् मक्याला कुठला!"


१९ मे
दोन्ही गावांची सॅम्पल्स लॅबमध्ये तपासून झाली. बी एकच, दाणा निराळा! केंदूरच्या दाण्यात स्टार्च कमी, सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे कण बारके. खळीला घट्टपणा देणारं अमायलोजही घटलेलं. त्यामुळे खळ शिजवली की पातळ, गार झाली तरी धरत नाही. राहूची मात्र भांड्यातून खरवडून काढावी लागली. रिपोर्टात स्वच्छ लिहिलं — फरक वाणाचा नाही. दाणा भरताना पाणी तुटलं, ऊन तापलं, त्याचा आहे.

२३ मे
खरेदीचे सर्जेराव रिपोर्टवर खूश! गेटवर फलक लावून मोकळे — केंदूरचा मका घेतला जाणार नाही. म्हटलं, मी गावाबद्दल लिहिलेलंच नाही. "मॅडम, गेटवर एकेकाला ऊन-पाणी विचारत बसू का? गाव कळतं, बास."
अनसाबाईंना कोण सांगणार? मीच.

२५ मे
सांगितलं. कणसं सोलता सोलता ऐकलं त्यांनी. "आमच्याच रानात शिकलात आन् आमालाच न्हाई म्हंता व्हय."
चहा केला नाही. पहिल्यांदाच.

३ जून
वाईट दिवस.
मारुतरावांचा ट्रॅक्टर आला. मका चाचणीचा नव्हे, त्यांच्या दुसऱ्या रानातला. सॅम्पल लावलं — खळ पातळ! सर्जेराव ओरडले, "केंदूरचा माल राहूच्या नावावर खपवतोस?" भर रांगेत. वडीलधारा माणूस! मारुतरावांनी माझ्याकडे बघितलं. "सविताताई, तुम्ही येता की रानात. सांगा यांना."
मी म्हणाले — सॅम्पल तरी केंदूरसारखंच दिसतंय.
मला खरंच तसं वाटलं होतं.
भरली ट्रॉली परत गेली.

५ जून
उद्या राहूला जाऊन ते रान बघायचं.

६ जून
राहूला गेले. मारुतराव घरी नव्हते. त्यांच्या बायकोनं, साखरबाईंनी, तो तुकडा दाखवला. उशिरा पेरलेला, नदीपासून लांब. "कणसं भरायला आन् लायटीचा डीपी जळायला एकच गाठ पडली. मोटार बंद. निस्तं बघत बसलो." वर ते मेचं ऊन! मका राहूचाच. मी स्वतः लिहिलेलं, आणि मलाच दिसलं नाही. गाव बघून मीही बोलले — सर्जेरावांसारखीच.
परत येऊन नवा रिपोर्ट लिहिला. मारुतराव खरं बोलत होते. राहूलाही पाणी तुटलं तर दाणा असाच होतो.

१० जून
सर्जेरावांनी वाचला. हसले. "म्हणजे राहूचाही भरवसा नाही." दुपारी फलकावर केंदूरच्या खाली राहू रंगवलं. मका आता बाहेरच्या राज्यातून येणार, वॅगननं, दौंडला.

११ जून
मारुतरावांना फोन केला. तुमच्यावरचा आळ गेला, म्हटलं.
"आळच बरा व्हता, ताई. तवा मी एकटाच व्हतो."