फाळक्यावरचा दर्या

अण्णा, तुमचं ट्रक रंगवायचं दुकान होतं ना हमरस्त्याला, त्याच्या समोरच आता एक गॅरेज झालंय. काल तिथं मोटारसायकलची टाकी रंगवताना बघितली. इकडून बघावं तर हिरवी, जरा सरकावं तर जांभळी, मोराच्या मानेसारखी. मी इतक्यांदा इकडून तिकडं सरकलो की रंगवणारा म्हणाला, "आजोबा, बसा की. रंग कुठं पळून जात न्हाय." बसलो. आणि तुमचा समुद्र आठवला.

मी तेव्हा नुकताच शाळेत मास्तर झालो होतो. आंध्राकडचा तो ट्रक ड्रायव्हर तुमच्यापुढं उभा आहे. त्याचं गाव किनाऱ्यावर, घरी जाणं वर्षातून एकदा. म्हणून ट्रकच्या मागच्या फाळक्यावर त्याला समुद्र हवा आहे. जमला नाही तर फाळका कोराच राहू दे, दुसरं काही नको, हेही तो सांगून चुकलाय. तुम्ही हो म्हणून बसलात. तुम्ही पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पुरातली बोरी नदी. पहिल्या दिवशी निळ्या लाटांच्या ओळी काढल्यात. तो पान चघळत बघत राहिला आणि म्हणाला, "उस्ताद, ये तलाव है." तुम्ही सगळं पुसलंत. मग माझ्याकडं वळलात. "मास्तर, तू पोरांला समुद्राची कविता शिकवतोस न्हवं? म्हण बरं." मी चालीवर म्हटली, शेवटच्या कडव्यापर्यंत. तुम्ही हाताची घडी घालून ऐकलीत. "फेसाळ म्हंजी कसं? दुधावानी का साबणावानी?" ते कवितेत नाही आणि समुद्र मीही पाहिलेला नाही, म्हणालो. "मग कवीबी आपल्यातलाच दिसतोय. न बघता लिवलंय."

दुसऱ्या दिवशी तुम्ही फाळका आधी पांढरा केलात. तो वाळल्यावर निळ्यात हिरवा कालवून पातळ हात मारलात, आणि तो ओला असतानाच कुंचला रॉकेलात बुडवून बोटानं शिंतोडे उडवलेत. अण्णा, ते मी कसं सांगू? थेंब पडला की रंग मागं सरकायचा, खालचा पांढरा उमलायचा, कडीला कडी लागायची, आणि सगळं हळूहळू उतरणीला लागायचं. पत्रा जिवंत झाला होता. मी जवळ गेलो तर म्हणालात, "हात लावू नगंस. त्याचं त्याला करू दे."

ड्रायव्हर आला. वाकला, चपला काढून हातात घेतल्या, आणि रस्त्याकडेच्या तापलेल्या मातीत अनवाणी उभा राहिला. मग म्हणाला, "घर कू जाके आया, उस्ताद." तुम्ही मान खाली घालून कुंचला धूत होता. ट्रक हैदराबादच्या दिशेनं दिसेनासा झाला, तेव्हा कुठं मला विचारलंत, "खरंच तसा असंल का रं?"

मी म्हणालो, असेल.

ती कविता मी पुढं निवृत्त होईपर्यंत शिकवली. फेसाळ हा शब्द आला की माझ्या डोळ्यांपुढं तुमचाच फाळका यायचा. धाकटा आता कोकणात नोकरीला आहे. दर सुट्टीत त्याचा फोन येतो, "बाबा, या की, घरातनं समुद्र दिसतो." गुडघे धरलेत म्हणून सांगतो. हे पत्र तुमच्यापर्यंत यायचं नाही, म्हणून लिहितो: गुडघे ठणठणीत आहेत.