गुलाबी ठिपके

सोमवार, ९ तारीख

एकशे वीस बोर्डांपैकी एकाहत्तर मेलेले निघाले. एकाहत्तर! वीज दिली की दिवा लागतो, पुढे काही नाही. कारखान्यांतल्या मोठ्या यंत्रांचे मेंदू आहेत हे बोर्ड. त्यांवरचा प्रोसेसर जुन्या जातीचा. बनवणाऱ्यांनी तो बंद केला, आता शोधूनही मिळत नाही. शेवटचे दोनशे चाळीस आमच्याकडे होते — माझ्या स्टोअरमध्ये, माझ्या कुलपात.

इंजिनीअरने त्या प्रोसेसरच्या चिपचा एक्स-रे काढला. पोटात भेगा. "भट्टी जास्त तापली," म्हणाला. झालं! साहेबांनी चिपा बोर्डाला जोडणाऱ्या भट्टीवरच्या बाईंना सगळ्यांसमोर उभं केलं. बाई एवढंच म्हणाल्या, "अकरा वर्षं तापमानाचा तोच आकडा लावतेय, साहेब. भट्टीला काय आजच माझा राग आला?"

कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत.

मंगळवार, १०

भट्टी नव्हे. मी.

सकाळी दाढी करताना आठवलं आणि अर्ध्या गालावर साबण तसाच राहिला.

चिप ओल धरते. म्हणून ती चंदेरी, हवाबंद पाकिटात येते. पाकीट फोडलं की वर वेळ लिहायची, आठवड्याच्या आत चिप बोर्डावर बसवून भट्टीतून काढायची. उशीर झाला तर आधी दिवसभर ओव्हनमध्ये सुकवायची. नाहीतर भट्टीच्या तापाने आतल्या ओलीची वाफ होते आणि चिप फुटते. नव्या लोकांना हे मीच शिकवतो!

गेल्या महिन्यात मालाची मोजणी होती. दोन पाकिटं, दोन्हींवर एकशे वीस छापलेलं. दुसरा कुणी छापील आकडा उतरवून मोकळा झाला असता. मला ते जमत नाही. गावच्या शाळेत गुरुजी खडूंची पेटीसुद्धा मोजायला लावायचे — "स्वतः मोजल्याशिवाय सही करायची नाही." मी कात्री लावली. दोन्ही मोजली. बरोबर निघाली. वरून चिकटपट्टी लावून ठेवून दिली. वेळ लिहिली नाही. मनात म्हटलं, मी कुठे वापरायला फोडलंय, नुसतं मोजलंय.

साडेतीन आठवडे ती तशी पडून होती.

बुधवार, ११

प्रत्येक पाकिटात एक कार्ड असतं. ठिपके निळे असले की आत कोरडं. गुलाबी झाले की ओल शिरली. मोजल्यावर हाताशी कागद नव्हता, म्हणून त्या कार्डाच्याच पाठीवर मी आकडा लिहिला, तारीख लिहिली, सही केली! वापरलेल्या पाकिटातलं ते कार्ड कुठे गेलं?

कचऱ्याचे तीन डबे उपसले. झाडलोट करणाऱ्या मावशी दारात येऊन उभ्या. "भाऊ, दात पडला का कवळीतला?" हसलो. काय करणार!

नाही सापडलं.

घरी येऊन देवापुढे हात जोडले. आजवर स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. आज मागितलं — ते कार्ड कुणाला सापडू नये. नंतर डोळे उघडायचीच लाज वाटली.

गुरुवार, १२

बाईंना उद्याचा शेवटचा दिवस सांगितला. घरी दोन मुली आणि सासू, कमावणाऱ्या त्या एकट्या.

आणि उरलेल्या एकशे वीस चिपा उद्या दुपारी लावणार, भट्टीचा आकडा उतरवून! आकडा उतरवून काय होणार? ओल तशीच आहे. त्याही फुटतील. हे साऱ्या इमारतीत एकट्या मला माहीत आहे. आत्ता सांगितलं तर सुकवून वाचतील.

दोनदा साहेबांच्या केबिनपर्यंत गेलो. पहिल्यांदा चिकटपट्टीच्या मागणीवर सही घेऊन आलो. दुसऱ्यांदा विचारलं, "चहा सांगू का?" ते म्हणाले, "सांगा." सांगितला.

परत येताना बाई जिन्यात भेटल्या. "जेवलात का, भाऊ?" दुसरं काही नाही. मी मान हलवली आणि भिंतीच्या कडेने निघून आलो.

जेवताना ही म्हणाली, "अहो, पोळी किती वेळ मोडताय? भुगा झाला तिचा." हिलाही सांगवलं नाही.

देवा, मागितलेलं परत घे.

शुक्रवार, १३, सकाळी

सांगणार. आधी बाईंना, मग साहेबांना. वही बरोबर नेतोय, म्हणजे पाय मागे घेता येणार नाही.

शुक्रवार, साडेअकरा

बाईंना सगळं सांगितलं. भट्टीजवळ, उभ्यानेच. त्यांनी डब्याच्या पिशवीत हात घातला आणि कार्ड काढून माझ्या तळहातावर ठेवलं. सगळे ठिपके गुलाबी. मागे माझं अक्षर.

"बोर्ड निघाल्यावर रिकामं पाकीट झटकलं, तेव्हा पडलं. तुमच्या हातचं पाकीट, म्हणून आधी कार्ड बघितलंच नाही. तेवढं माझंही चुकलं."

सोमवारपासून त्यांच्याजवळ होतं! सगळ्यांसमोर उभं केलं तेव्हाही पिशवीत होतं!

"मग दाखवलं का नाही, बाई?"

"वाट बघत होते."

"आणि मी आलोच नसतो तर?"

त्या भट्टीकडे वळल्या. "जा आता, भाऊ. दुपार व्हायला आली."

मी मागितलं तसंच झालं होतं. कार्ड कुणाला सापडलं नाही. बाईंनी सापडू दिलं नाही.

केबिनबाहेरच्या बाकावर बसलोय. कार्ड हातात आहे. आतून हाक आली —